तळघरातील हवा आणि रेडॉन : कामाच्या जागी मोजणी कशासाठी?

वार्षिक अहवालात जमाखर्च व रुग्णसंख्येच्या तक्त्यांबरोबर रुग्णालयाच्या कामकाजाशी निगडित अशा एखाद्या विषयाची माहिती द्यावी, असा आपला प्रघात आहे. यंदाचा विषय कर्मचाऱ्यांनीच सुचविला, असे म्हणावे लागेल. तळघरातील अभिलेख कक्षात रुग्णांचे जुने कागदपत्र सांभाळणाऱ्या मंडळींनी अहवाल वर्षात कार्यालयाकडे एक लेखी विचारणा केली. त्यांचे म्हणणे सरळ होते. भिंतीपलीकडे क्ष-किरण विभाग आहे. तेथील तंत्रज्ञांच्या छातीवर किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला असतो आणि दर तीन महिन्यांनी त्याची तपासणी होते. आम्ही त्याच मजल्यावर त्यांच्याइतकेच तास, किंबहुना अधिक वर्षे बसतो. मग आमची मोजणी कोण करणार?

क्ष-किरणांपुरते या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. त्या खोलीच्या भिंती, दरवाजे व शिशाचे पत्रे यांची रचना अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार केलेली असते आणि भिंतीबाहेर किती किरण पोहोचतात याची तपासणी होत असते. यंत्र बंद केले की किरण थांबतात. अभिलेख कक्षातील कर्मचाऱ्याला बिल्ला नसतो, याचे कारण त्याला त्याची गरज नसते. तथापि हे उत्तर पाठविण्यापूर्वी त्याचा सगळ्या बाजूंनी विचार करताना आमच्या लक्षात आले की, तळघरात किरणोत्सर्गाचा आणखी एक उगम संभवतो. त्याला कळ नाही, भिंत अडवत नाही आणि तंत्रज्ञाच्या छातीवरचा तो बिल्लाही त्याची नोंद घेत नाही. तो म्हणजे जमिनीतून वर येणारा रेडॉन वायू.

रेडॉनला रंग नाही, वास नाही, चव नाही. तो कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही. पृथ्वीवरील प्रत्येक खडकात व मातीत युरेनियम अत्यल्प प्रमाणात असते. त्याचे रूपांतर होत होत रेडियम बनते आणि रेडियमपासून रेडॉन. या साखळीतील बाकीचे सारे घटक घन स्वरूपाचे असल्याने आपल्या जागी खडकात पडून राहतात. एकटा रेडॉन वायुरूप असल्याने मातीच्या कणांमधील पोकळ्यांतून वाट काढीत वर येतो. मोकळ्या मैदानावर तो वाऱ्याबरोबर विरून जातो. इमारतीखाली मात्र त्याला फरशीच्या भेगा, सांडपाण्याच्या नळांभोवतालच्या फटी, केबलचे चर, लिफ्टचा खड्डा अशा वाटा सापडतात, आणि वर बंद खोली असली की तो तेथे साचतो.

त्याचे अर्धायुष्य ३.८ दिवसांचे आहे. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर घटत्या शिल्लकेवर घसारा काढावा तसा हा प्रकार आहे : दर ३.८ दिवसांनी जेवढा शिल्लक असेल त्याच्या निम्मा उरतो. खोली कायमची बंद ठेवली तरी जुना रेडॉन काही आठवड्यांत संपतो. परंतु जमीन रोज नवी भर घालीत राहते. त्यामुळे खोलीतील शिल्लक ही आवक व जावक यांच्या मेळावर ठरते. आवक म्हणजे जमिनीतून येणारा वायू, आणि जावक म्हणजे खिडकीवाटे व पंख्यावाटे जाणारी हवा. या विषयातील बहुतेक सारे व्यावहारिक शहाणपण या एका वाक्यात आहे.

खरी इजा रेडॉन स्वतः फारशी करीत नाही. तो निष्क्रिय वायू असल्याने श्वासाबरोबर आत जातो तसा बहुतांशी बाहेर येतो. परंतु त्याच्यापासून निर्माण होणारे पोलोनियम, शिसे व बिस्मथ यांचे किरणोत्सारी अणू घन असतात. ते हवेतील धूलिकणांना चिकटतात, श्वासनलिकांच्या अस्तरावर बसतात आणि काही मिनिटांच्या आत तेथेच विघटन पावतात. पोलोनियममधून निघणारा अल्फा कण साध्या कागदानेही अडतो, आपल्या त्वचेच्या वरच्या मृत थराने तर अडतोच. श्वासनलिकेच्या आतल्या नाजूक अस्तरावर मात्र असा मृत थर नसतो. तेथे त्या कणाची सारी ऊर्जा जिवंत पेशींवर खर्च होते. म्हणून छातीवर अडकविलेला बिल्ला येथे निरुपयोगी ठरतो. तो बाहेरून येणारे क्ष-किरण व गॅमा किरण मोजतो. श्वासातून आत गेलेल्या कणांचा हिशेब त्याच्याकडे नसतो.

कामाच्या जागेवरील आजार म्हणूनच माणसाला या संकटाची पहिली ओळख झाली. जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात श्नेबर्ग नावाचे खाणींचे गाव आहे. तेथील खाणकामगार फुप्फुसांच्या एका विचित्र विकाराने अकाली मरतात, हे सोळाव्या शतकापासून ठाऊक होते. लोक त्याला ‘डोंगराचा आजार’ म्हणत. १८७९ साली हार्टिंग व हेसे या दोन डॉक्टरांनी शवविच्छेदने करून दाखविले की, हा आजार म्हणजे छातीतील कर्काची गाठ असून तेथील खाणकामगारांच्या मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश त्यामुळेच होतात. त्या वेळी रेडियमचा शोधही लागलेला नव्हता. तो १८९८ मध्ये लागला, आणि रेडॉन १९०० मध्ये. कारण समजण्याच्या कितीतरी आधी मृत्यूंची मोजदाद झाली होती. जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे यातील वाल्टर हेसे हेच पुढे रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत गेले, आणि त्यांच्या पत्नी फॅनी यांनी सुचविल्यामुळे जंतू वाढविण्यासाठी अगर हा पदार्थ वापरात आला. आपल्या प्रयोगशाळेतील काचेच्या बशांमध्ये आजही तोच असतो.

खाणीबाहेरच्या जगाला जाग आली ती १९८४ च्या डिसेंबरमध्ये. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात लिमरिक येथे नवे अणुवीज केंद्र उभे राहत होते. तेथील अभियंता स्टॅन्ली वॉट्रस दारातील किरणोत्सर्गमापकापाशी आला की धोक्याची घंटा वाजे. केंद्रातून बाहेर पडताना वाजली असती तर कोणी नवल केले नसते. एके दिवशी मात्र तो आत शिरला आणि काम न करताच मापकापाशी गेला, तरीही घंटा वाजली. किरणोत्सर्ग तो केंद्रातून घरी नेत नव्हता, तर घरून केंद्रात आणीत होता! त्याच्या घरातील रेडॉनचे प्रमाण दर घनमीटर हवेत सुमारे एक लाख बेक्रेल इतके निघाले. बेक्रेल म्हणजे दर सेकंदाला एका अणूचे विघटन. तुलनेसाठी सांगायचे तर मोकळ्या हवेत हे प्रमाण साधारण १० आणि जगभरातील घरांत सरासरी ४० च्या आसपास असते.

१९८८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने रेडॉनची गणना मानवाला निश्चितपणे कर्करोगकारक असलेल्या पदार्थांत केली. धूम्रपानानंतर फुप्फुसाच्या कर्करोगाचे हे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. देशोदेशींच्या परिस्थितीनुसार अशा कर्करोगांपैकी ३ ते १४ टक्क्यांचा संबंध रेडॉनशी लावला जातो.

आता आपल्या देणगीदारांपैकी एका ज्येष्ठ सद्गृहस्थांनी विचारलेला प्रश्न घेऊ. हे सारे खाडीपलीकडच्या अणुभट्ट्यांमुळे तर नाही ना, असे त्यांनी विचारले. वाशीचा पूल ओलांडला की मानखुर्द, त्यापुढे अणुशक्तीनगर व तुर्भे म्हणजे ट्रॉम्बे, हे नवी मुंबईकरांच्या रोजच्या वाटेवरचे टप्पे असल्याने असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. घरातील व कार्यालयातील रेडॉन त्या त्या इमारतीखालच्या जमिनीतून व तिच्या भिंतींतून येतो. अणुभट्टी नसलेल्या देशातही तो असतोच, आणि भाभा अणुसंशोधन केंद्र स्थापन होण्याच्या कोट्यवधी वर्षे आधीपासून तो येथील जमिनीतून निघत आहे. उलट आपल्या देशात रेडॉन मोजण्याची साधने व पद्धती ज्या संस्थेने घडविल्या, ती संस्था हेच केंद्र होय.

आपल्या पायाखालची जमीन या बाबतीत आपल्याला अनुकूल आहे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. नवी मुंबईच्या पाठीशी असलेला पारसिकचा डोंगर, खारघरच्या टेकड्या आणि महाराष्ट्राचा बहुतेक सारा प्रदेश सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या दगडाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. या खडकात युरेनियमचे प्रमाण टनाला एक ग्रॅमच्या आत-बाहेर असते. ग्रॅनाइटमध्ये ते साधारण तीन ते पाच ग्रॅम असू शकते. त्यामुळे भंडारा, गोंदिया, गडचिरोली यांसारख्या पूर्व विदर्भातील जुन्या ग्रॅनाइटी खडकांच्या भागापेक्षा आपल्याकडे जमिनीतून येणारा रेडॉन कमी असावा, अशी अपेक्षा ठेवता येते. सिडकोने खाडीकाठची दलदल भरून जी उपनगरे वसविली, तेथेही भर घातलेला मुरूम व दगड बहुधा याच जातीचा आहे. पिण्याचे पाणी मोरबे धरणाचे, म्हणजे पृष्ठभागावरचे असल्याने त्यातूनही रेडॉन येण्याचे कारण नाही. खडकातील खोल कूपनलिकांच्या पाण्यात तो येऊ शकतो.

मग अडचण कोठे आहे? ती इमारतीत आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पुढाकाराने देशातील सुमारे दीड हजार घरांत मोजणी झाली व तिचा अहवाल २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रेडॉनचे प्रमाण घनमीटरला सुमारे ५ ते १४७ बेक्रेल इतके आढळले आणि त्यांचा गुणोत्तर मध्य २३ होता. ही समाधानाची गोष्ट खरी. पण ती घरे होती, आणि आपल्याकडील घरांच्या खिडक्या वर्षातील बहुतेक काळ उघड्या असतात. त्या आकड्यात आपल्या खिडक्यांचा वाटा मोठा आहे. गेल्या पंचवीस वर्षांत महापे, ऐरोली, बेलापूर येथे काचबंद कार्यालये उभी राहिली. प्रत्येक मोठ्या इमारतीस एकदोन मजल्यांची तळघरे आली, आणि आपल्यासारख्या रुग्णालयांत जागेच्या टंचाईमुळे अभिलेख, धुलाई, औषधभांडार, पंपघर ही खाती तळघरात गेली. उघड्या खिडकीच्या घराचा आकडा या जागांना लावता येत नाही.

वातानुकूलनाविषयी एक गैरसमज येथे दूर करावा लागेल. भिंतीवरचे स्प्लिट यंत्र बाहेरची ताजी हवा आत आणीत नाही. खोलीतलीच हवा पुनःपुन्हा थंड करून सोडते. २०२० च्या कोविड साथीत सर्वच रुग्णालयांना या गोष्टीचा विचार करावा लागला. त्या काळात जंतू अडविणाऱ्या सूक्ष्म गाळण्या अनेक ठिकाणी बसविण्यात आल्या. त्या धूलिकणांवर बसलेले पोलोनियम काही अंशी अडवितात, पण वायुरूप रेडॉन त्यांतून सहज पार होतो. दुसरा गैरसमज एक्झॉस्ट पंख्याचा. ताज्या हवेला आत येण्याची वाट न ठेवता नुसता एक्झॉस्ट पंखा लावला, तर खोलीतील दाब कमी होतो व ती तूट भरून काढण्यासाठी फरशीच्या भेगांतून जमिनीतली हवा ओढली जाते. म्हणजे उपाय म्हणून लावलेला पंखाच आवक वाढवू शकतो. हवा बाहेर काढावयाची तर तितकीच ताजी हवा आत यावी लागते.

प्रवेशदालनातील गुळगुळीत ग्रॅनाइटच्या लाद्यांविषयीही नातेवाईक मंडळी विचारतात. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम अधिक असते हे खरे. परंतु पातळ, घट्ट व पॉलिश केलेल्या लादीतून फारच थोडा वायू बाहेर पडतो, आणि ते दालन दिवसभर उघडे असते. राखेच्या विटांचेही तसेच. औष्णिक वीज केंद्रांच्या राखेत रेडियम अधिक असले तरी तिचे कण काचेसारखे बंद असल्याने त्यांतून रेडॉन कमी निसटतो. वरच्या मजल्यांवर बांधकाम साहित्य हाच मुख्य उगम असतो खरा, पण तेथे एकंदर प्रमाण सहसा कमी असते. लक्ष द्यावयाचे ते जमिनीला टेकलेल्या खोल्यांकडे.

किती प्रमाण चालेल, याचे एकच उत्तर नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरांसाठी १०० बेक्रेल ही संदर्भ पातळी सुचविली आणि ती साधणे शक्य नसेल तेथे ३०० च्या वर जाऊ नये असे म्हटले. युरोपीय संघाच्या २०१३ च्या निर्देशानुसार कामाच्या जागांसाठीही सदस्य देशांनी ३०० पेक्षा वरची पातळी ठेवू नये, आणि रेडॉनप्रवण भागांतील तळमजले व तळघरे यांमध्ये मोजणी करावी असे ठरले. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या २०१४ च्या मानकांत कामाच्या जागांसाठी १००० हा कमाल आकडा आहे. हे आकडे सुरक्षित व असुरक्षित यांच्यामधील रेषा नव्हेत. धोका प्रमाणाबरोबर हळूहळू वाढत जातो. कोणत्या टप्प्यावर खर्च करून उपाय योजावयाचे याविषयीची ती शिफारस आहे. आपल्या रुग्णालयात कर्मचाऱ्यांबरोबर रुग्ण व रात्रंदिवस थांबणारे नातेवाईकही असतात. त्यामुळे आम्ही स्वतःसाठी सर्वांत कडक आकडा, म्हणजे १०० धरला आहे. ही मोजणी करा असे कोणत्याही तपासनीसाने आम्हांस सांगितलेले नाही. तेव्हा मापही आपणच निवडावयाचे, तर ते सैल कशासाठी निवडावे?

आकड्याचा अर्थ माणसाच्या आयुष्यात काय होतो, हे सांगितल्याशिवाय मात्र तो कोरडाच राहील. आठ तासांची पाळी व वर्षाला २५० दिवस धरले तर कामाचे २००० तास होतात. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाच्या २०१७ च्या गुणांकानुसार ३०० बेक्रेलच्या खोलीत असे एक वर्ष काम केल्यास सुमारे ४ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. १०० बेक्रेलच्या खोलीत सुमारे १.३, आणि २५ च्या खोलीत ०.३ च्या आसपास. बारा तासांच्या पाळीत वर्षाचे ३६०० तास तळघरात काढणाऱ्या पंपचालकाला ३०० बेक्रेलच्या खोलीत ७ मिलिसिव्हर्ट भरतील. क्ष-किरण विभागातील तंत्रज्ञासाठी आपल्या देशातील मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट इतकी असली, तरी प्रत्यक्षात बहुतेक तंत्रज्ञांच्या बिल्ल्यावर वर्षाकाठी एक मिलिसिव्हर्टही जमा होत नाही. म्हणजे कोंदट व रेडॉनयुक्त अशा एखाद्या खोलीत बसलेल्या लिपिकाला बिल्ला लावणाऱ्या तंत्रज्ञाहून अधिक मात्रा मिळणे अशक्य नाही. कर्मचाऱ्यांच्या प्रश्नात तथ्य होते ते हे.

फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका किती वाढतो, याविषयीचा सर्वांत विश्वसनीय हिशेब युरोपातील तेरा अभ्यास एकत्र करून २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सात हजारांहून अधिक रुग्ण व त्यांच्या दुप्पट निरोगी व्यक्तींच्या घरांतील रेडॉन विचारात घेतला होता. दर १०० बेक्रेलमागे धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो, असे त्यातून दिसले. ही टक्केवारी ऐकून मन दचकते, म्हणून तीच गोष्ट हजार माणसांच्या हिशेबाने सांगतो. कधीही धूम्रपान न केलेल्या हजार माणसांपैकी वयाच्या ७५ व्या वर्षापर्यंत फुप्फुसाचा कर्करोग होईल अशी माणसे, घरात रेडॉन शून्य धरल्यास ४, १०० बेक्रेल असल्यास ५ आणि ४०० असल्यास ७. सिगारेट ओढणाऱ्यांच्या बाबतीत हेच आकडे १००, १२० व १६० असे आहेत. रेडॉन व तंबाखू हे दोघे एकमेकांचे बळ वाढवितात. ज्याच्या खिशात विडीचे बंडल आहे, त्याला रेडॉनची चिंता सांगण्यापूर्वी विडी सोडविण्यास मदत करणे हेच पहिले काम ठरते. रुग्णालयाचे व्यसनमुक्ती समुपदेशन कर्मचाऱ्यांना व नातेवाइकांना विनामूल्य आहे, याची येथे आठवण देतो. त्याच वेळी, कधीही धूम्रपान न केलेल्या व्यक्तींनाही फुप्फुसाचा कर्करोग होतो आणि आपल्या देशातील अशा रुग्णांत त्यांचे प्रमाण लक्षणीय आहे. त्यामागे धूर, प्रदूषित हवा, आनुवंशिकता अशी अनेक कारणे असतात. एखाद्या रुग्णाचा कर्करोग रेडॉनमुळेच झाला असे कोणताही डॉक्टर तपासणी करून सांगू शकत नाही. म्हणून माणसांची तपासणी न करता खोल्यांची करावयाची.

ती मोजणी कशी होते, हे पाहण्यासारखे आहे. ट्रॉम्बे येथे विकसित झालेले साधन म्हणजे मुठीत मावेल असा प्लास्टिकचा डबा. त्याला वीज लागत नाही, आवाज होत नाही. आत एकापुढे एक असे दोन कप्पे असून प्रत्येकात सेल्युलोज नायट्रेटच्या पातळ फिल्मचा तुकडा बसविलेला असतो. हवा गाळणकागदातून पहिल्या कप्प्यात येते आणि तेथून सुईच्या टोकाएवढ्या छिद्रांतून दुसऱ्यात जाते. रेडॉनचा एक भाऊबंद आहे, थोरियमपासून होणारा थोरॉन. त्याचे अर्धायुष्य जेमतेम ५६ सेकंदांचे. छिद्रांतून हळूहळू पुढे सरकताना तो वाटेतच संपतो, आणि दुसऱ्या कप्प्यात केवळ रेडॉन पोहोचतो. पहिल्या फिल्मवर दोघांची नोंद, दुसरीवर एकाची. वजाबाकी केली की दोघांचे हिशेब वेगळे होतात. इतक्या साध्या युक्तीने हे साधलेले पाहून मोठे कौतुक वाटते.

अल्फा कण फिल्मवर आदळला की तेथे डोळ्यांना न दिसणारा ओरखडा उमटतो. तीन महिन्यांनी फिल्म काढून ६० अंश तापमानाच्या कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात सुमारे दीड तास ठेवतात. ओरखड्याच्या जागी फिल्म लवकर झिजते व तेथे सूक्ष्म छिद्र पडते. ही छिद्रे यंत्राने मोजली की त्या तीन महिन्यांची सरासरी निघते.

तीन महिनेच का, असे विश्वस्तांनी विचारले होते. बाजारात आता विजेवर चालणारी छोटी रेडॉनमापके मिळतात आणि ती तासाभरात आकडा दाखवितात. परंतु एका दिवसाच्या गल्ल्यावरून वर्षाचा व्यापार ठरत नाही. रेडॉन पहाटे वाढतो, दुपारी उतरतो. हवेचा दाब उतरला की वाढतो. पावसाळ्यात भोवतालची जमीन पाण्याने भरली की वायूला मोकळ्यावर वाट उरत नाही आणि तो इमारतीखालच्या कोरड्या मातीकडे वळू शकतो. देशातील बहुतेक पाहण्यांत हिवाळ्यातील आकडे अधिक आढळतात. म्हणून एक फिल्म पावसाळ्यात, एक हिवाळ्यात व एक उन्हाळ्यात लावून मग वर्षाची सरासरी काढावयाची.

कामाच्या जागांबाबत आणखी एक बारकावा आहे. फिल्म चोवीस तास मोजते, कर्मचारी मात्र आठ तासच तेथे असतो. रात्री वायुवीजन बंद झाल्यावर साचलेला रेडॉन फिल्मच्या हिशेबात येतो, पण सकाळी पंखे सुरू होऊन तासाभरात तो निघूनही गेलेला असू शकतो. त्यामुळे फिल्मचा आकडा १०० च्या वर गेला, तर ताबडतोब फरशी उकरावयाची नाही. त्या खोलीत आठवडाभर विजेवरचे मापक ठेवून कामाच्या तासांतील प्रमाण स्वतंत्रपणे पाहावयाचे. लघुमुदतीच्या यंत्राचा खरा उपयोग येथे आहे. त्यानंतरच उपाय : पंखे कामाच्या दोन तास आधी सुरू करणे, ताज्या हवेची नळी आणणे, नळांभोवतालच्या फटी बुजविणे. इतक्याने भागले नाही, तर फरशीखाली नळी घालून तेथील हवा पंख्याने ओढून थेट गच्चीवर सोडतात. या शेवटच्या उपायाने रेडॉन निम्म्याहून खाली आणि अनेकदा एक दशांशापर्यंत येतो, असा परदेशांतील अनुभव आहे. नवे तळघर बांधतानाच ही नळी घालून ठेवली तर तिचा खर्च अगदी किरकोळ असतो. बांधलेल्या इमारतीत तोच बराच वाढतो. आपल्या प्रस्तावित विस्तारित इमारतीच्या वास्तुविशारदांना तशी सूचना देण्यात आली आहे.

या कामासाठी पैसा कोठून येणार, हा देणगीदारांचा प्रश्न रास्त आहे. निर्धन रुग्ण निधीतील एक रुपयाही त्याकडे वळविलेला नाही व तसा तो वळविताही येत नाही. हा खर्च इमारत देखभालीच्या शीर्षाखाली येतो आणि तेथेही तो छताच्या गळतीच्या खर्चापुढे दिसेनासा होईल इतका आहे. काही विश्वस्तांचे मत असे होते की, आपल्या भागातील खडक पाहता आकडे कमीच येणार, मग मोजावयाचे कशाला? आकडे कमी येण्याची शक्यता आम्हांसही अधिक वाटते. परंतु तळघरात निवृत्तीपर्यंत तीस वर्षे काढणाऱ्या माणसाला ‘खडक चांगला आहे’ असे सांगणे आणि त्याच्या खोलीचा आकडा त्याच्या हाती देणे, या दोन गोष्टींत फरक आहे. सभेत अखेर हे मत सर्वांना पटले.

मोजणीचे डबे अभिलेख कक्ष, धुलाई विभाग, निर्जंतुकीकरण विभाग, औषधभांडार, पंपघर व क्ष-किरण विभागाची तळघरातील प्रतीक्षागृहे येथे आणि तुलनेसाठी तिसऱ्या मजल्यावरील एका कक्षात लावावयाचे आहेत. प्रत्येक ठिकाणी शेजारी शेजारी दोन डबे असतील, म्हणजे दोघांचे आकडे ताडून पाहता येतील. शिवाय काही फिल्म मोहोरबंद ठेवून त्याही प्रयोगशाळेकडे जातील. त्यांवर आकडा आला तर मोजणीतच दोष आहे, हे कळेल. डबे बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर, भिंतीपासून हातभर अंतरावर आणि पंखा, खिडकी व वातानुकूलन यंत्राच्या झोतापासून दूर टांगले जातील. त्यांत कोणतेही रसायन किंवा किरणोत्सारी द्रव्य नसून त्यांच्यापासून कोणासही अपाय नाही. सफाई करताना ते हलवू नयेत, झाकू नयेत, खोलीतील दारे-खिडक्या नेहमीप्रमाणेच उघडाव्यात वा बंद कराव्यात. मोजणी चालू आहे म्हणून मुद्दाम अधिक उघड्या ठेवल्यास आकडा खरा येणार नाही. प्रत्येक ऋतूचे आकडे, कमी असोत वा अधिक, खोलीच्या नावासह तळमजल्यावरील सूचनाफलकावर मराठीत लावण्यात येतील, आणि तिन्ही ऋतूंचा एकत्रित तक्ता पुढील वार्षिक अहवालात याच पानांवर छापला जाईल.